हिशेबात न धरलेली पाने

सतराव्या शतकात, आजच्या बेल्जियममध्ये, यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट नावाच्या वैद्याने एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि तीत विलोचे एक रोप लावले. विलो म्हणजे आपल्या नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाचा नातेवाईक. रोपाचे वजन होते ५ पौंड. वाऱ्याने उडालेली धूळ मातीत मिसळू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर त्याने भोके पाडलेला, कल्हई केलेला लोखंडी पत्रा बसवला. पाच वर्षे त्या रोपाला पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातले, दुसरे काहीही नाही. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले तेव्हा ते १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम २ औंस कमी झाली होती. व्हॅन हेल्माँटने निष्कर्ष काढला की झाडाचे लाकूड, साल आणि मुळे हे सगळे पाण्यातून झाले.

मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६४८ मध्ये, त्याच्या मुलाने त्याचे लेखन छापले. त्यात या प्रयोगाच्या वर्णनात व्हॅन हेल्माँटने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. मधल्या चार शरद ऋतूंत गळून पडलेल्या पानांचे वजन त्याने मोजले नव्हते.

माती तोलली, पाणी निवडून घातले, झाड तोलले, धुळीचासुद्धा बंदोबस्त केला. पाने मात्र हिशेबाबाहेर राहिली. ती झाडून टाकली गेली असतील, कुठे कुजली असतील. आज आपल्याला माहीत आहे की त्या झाडाचे वजन ज्यांनी कमावले, तीच ही पाने. झाडाच्या जमाखर्चात पानाला त्याची जागा मिळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. ती वर्षे हा या लेखाचा विषय आहे. शाळेच्या वहीत आपण पानाचे चित्र काढतो आणि देठ, पाते, शिरा, कडा, टोक, उपपर्णे अशी नावे बाणांनी लावतो. त्यातला एकेक बाण कुणाच्या ना कुणाच्या कष्टाने तिथे लागला आहे.

सावलीपुरते पान

व्हॅन हेल्माँटला दोष देता येत नाही. पान कशासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या काळी दोन हजार वर्षे जुने होते आणि कुणालाही त्यात खोट दिसत नव्हती. पाने फळांना सावली देण्यासाठी असतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. १५८३ मध्ये इटलीच्या आंद्रेआ चेसाल्पीनोने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानेही पानांकडे कोवळ्या कळ्यांचे आणि फळांचे उन्हापासून रक्षण करण्याचेच काम दिले. झाड जगते ते मुळांनी, वाढते ते खोडाने आणि सार्थकी लागते ते फळाने. पान म्हणजे वरची छत्री.

या समजुतीला पहिला तडा सूक्ष्मदर्शकाने दिला. ७ डिसेंबर १६७१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वनस्पतींच्या अंतरंगावरचे दोन अभ्यास एकाच दिवशी आले. एक होते कॉव्हेंट्रीच्या नेहेमाया ग्रू या वैद्याचे छापील पुस्तक, तर दुसरे बोलोन्याहून मार्चेल्लो माल्पीगीने पाठवलेले टिपण. दोघांना एकमेकांच्या कामाची खबर नव्हती. दोघेही वैद्य होते. प्राण्याच्या शरीरात नळ्या, नाड्या, ग्रंथी शोधण्याची सवय असलेली दृष्टी त्यांनी देठाकडे आणि पानाकडे वळवली.

पानाच्या शिरा त्यामुळे नव्याने दिसू लागल्या. तोवर शीर म्हणजे पानाला ताठ ठेवणारी काडी असाच समज होता. शीर ताठ ठेवते हे खरेच आहे. पतंगाच्या कागदाला कामट्या असतात तशी मधली जाड शीर आणि तिच्यापासून फुटलेल्या उपशिरा पात्याला पसरून धरतात. पण या दोघांनी शिरा कापून पाहिल्या, तेव्हा त्या पोकळ नळ्यांच्या जुड्या निघाल्या. त्या देठातून खोडात आणि खोडातून थेट मुळांपर्यंत पोचत होत्या. माल्पीगीने रेशमाच्या किड्याच्या अंगातल्या हवेच्या नळ्या आधीच रेखाटल्या होत्या. झाडातल्या मळसूत्री नळ्या पाहताच त्याला त्यांची आठवण झाली. झाडही श्वास घेते, असे त्याला वाटले. त्याचा हा तर्क चुकीचा होता, कारण त्या नळ्यांतून पाणी वाहते. मात्र दुसरा एक धागा त्याच्या हाती बरोबर लागला. उगवत्या रोपांची पहिली दोन जाड पाने, म्हणजे बीजपत्रे, त्याने खुडून टाकली आणि रोपांची वाढ खुंटली. मुळांनी वर पाठवलेला कच्चा रस पानात शिजून पक्का होतो आणि मग सगळ्या झाडाला पोसतो, असा विचार त्याने मांडला. पान हे स्वयंपाकघर आहे, असे म्हणणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत माल्पीगी होता.

ग्रूने १६८२ मध्ये वनस्पतींच्या शरीररचनेवर आपला मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यात पानाच्या त्वचेवर त्याला दिसलेल्या बारीक छिद्रांची नोंद आहे. ही पर्णरंध्रे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत, पण पानाचा सगळा व्यवहार त्यांच्यातूनच चालतो. दार सापडले होते. त्यातून कोण आत येते आणि कोण बाहेर जाते, हे कळायला अजून शंभर वर्षे होती.

पळसाला पाने किती?

लंडन आणि बोलोन्यात पानाच्या आत पाहिले जात होते, त्याच दशकात मलबारच्या किनाऱ्यावर पान बाहेरून वाचणाऱ्या लोकांचे ज्ञान कागदावर उतरत होते. कोचीनचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हॅन रेडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करवला. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. त्यातली माहिती ज्यांनी पुरवली त्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट हे तिघे कोकणी वैद्य होते. या तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथात छापले आहे. पोर्तुगीज काळात गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी समाजाचा आवाज असा पानाफुलांच्या निमित्ताने युरोपच्या छापखान्यापर्यंत पोचला. ग्रंथातल्या भव्य चित्रांत पानाची कड, टोक, देठाची लांबी आणि शिरांची नक्षी काळजीने रेखली आहे. वैद्याला फुलांचा मोसम गाठता येईलच असे नसते. बाराही महिने हाती लागते ते पान, त्यामुळे झाड पानावरून ओळखता यायलाच हवे.

पानाच्या बाह्य भागांना काटेकोर नावे मिळाली ती पुढच्या शतकात, मुख्यतः कार्ल लिनियसच्या हातून. १७५१ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘फिलॉसोफिया बोटॅनिका’ या ग्रंथाने पानाचा आकार, कड, टोक, पृष्ठभाग या प्रत्येकासाठी शब्द ठरवून दिले. ‘करवतीसारखी कड’ किंवा ‘हृदयाच्या आकाराचे पाते’ असे म्हटले की स्वीडनमधल्या आणि सुरतमधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच पान यावे, हा त्यामागचा हेतू.

नाव द्यायचे म्हणजे आधी पान कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवायला हवे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. वनस्पतिशास्त्र त्या तीन पानांना एकच पान मानते. झाडाला नवी फांदी किंवा फूल फुटते ते पानाच्या बगलेतून, म्हणजे पान खोडाला जिथे चिकटते तिथल्या बेचक्यातून. पळसाच्या तीन दलांपैकी एकेकाच्या बुडाशी पाहिले तर तिथे असा फुटव्याचा डोळा दिसत नाही. तिघांच्या सामाईक देठाच्या तळाशी मात्र तो असतो. म्हणून त्या तीन पर्णिका मिळून एक संयुक्त पान होते. बेलाच्या त्रिदळाला आजी ‘एक पान’ म्हणते आणि तीन दळे शाबूत असल्याशिवाय ते पिंडीवर वाहत नाही. तिचा हिशेब शास्त्राशी तंतोतंत जुळतो. कडुनिंबाची आणि चिंचेची लांब डहाळीवजा पानेही अशीच संयुक्त. मोठे सलग पाते वाऱ्याने फाटू शकते. पर्णिकांमध्ये विभागलेले पान वारा आरपार जाऊ देते.

जिथे डोळा असतो तिथेच पर्णतल, पानाचे बूड. बहुतेक झाडांत ते नजरेत भरत नाही. गवत, ऊस आणि ज्वारीत मात्र ते म्यानासारखे खोडाभोवती लपेटलेले असते आणि कोवळ्या खोडाला आधार देते. केळीत तर पर्णतलांनी कमालच केली आहे. आपण ज्याला केळीचा खांब म्हणतो, लग्नाच्या दारी जो उभा करतो, तो एकात एक गुंडाळलेल्या पर्णतलांचाच बनलेला असतो.

पर्णतलाच्या दोन बाजूंना असतात उपपर्णे. लिनियसने त्यांना वनस्पतीच्या ‘आधारां’च्या यादीत घातले. त्यांचे काम मुख्यतः लहान मुलाला दुपट्यात ठेवण्याचे. वडाच्या फांदीच्या टोकाशी दिसणारी टोकदार कळीवजा गुंडाळी उपपर्णांची असते आणि तिच्या आत उद्याचे पान घडी घालून बसलेले असते. पान उलगडले की उपपर्णे गळून पडतात आणि फांदीवर त्यांचा गोल वण राहतो. वाटाण्यात ती पानाएवढी मोठी आणि हिरवी होऊन पानाचेच काम करतात, तर बोरीत काटे होऊन राखण करतात.

पर्णतलाचे आणखी एक गुपित १७२९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे आले. चिंचेची पाने रात्री मिटतात हे शिकंदराच्या आरमारातल्या आंद्रोस्थेनीसने टायलोस बेटावर, म्हणजे आजच्या बहरीनमध्ये, पाहून ठेवले होते. रात्री अंधार झाला म्हणून पान मिटते, असा सर्वांचा समज होता. ज्याँ-जाक द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे रोप अंधारात ठेवून पाहिले, तर ते उजेड नसतानाही दिवसाच्या वेळी उघडत होते आणि रात्रीच्या वेळी मिटत होते. वनस्पतीला आपले घड्याळ आहे, याचा हा पहिला पुरावा. आणि उघडमीट करणारा सांधा असतो पर्णतलाच्या फुगीर गादीत. तिथल्या पेशींत पाणी भरले की पान उभारी धरते आणि पाणी ओसरले की मिटते.

सूर्यफूल तोलणारा पाद्री

नावे ठरत असतानाच लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात एक पाद्री पानाचे काम तराजूत तोलत होता. त्याचे नाव स्टीफन हेल्स. १७२४ च्या जुलैत त्याने कुंडीतले साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल निवडले. कुंडीवर शिशाचा पातळ पत्रा बसवून सांधे लिंपले, म्हणजे मातीतून पाणी उडायला नको. मग रोज सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली. कोरड्या, उबदार दिवशी बारा तासांत त्या एका झाडाने १ पौंड १४ औंसांपर्यंत पाणी हवेत सोडले. सरासरी होती १ पौंड ४ औंस. दव नसलेल्या उबदार रात्री ते सुमारे ३ औंसांवर येई आणि दाट दव पडले तर वजन उलट थोडे वाढे.

हेल्स एवढ्यावर थांबला नाही. दोऱ्यांची पाव इंची चौकटींची जाळी करून त्याने पाने मापली. पानांचा एकूण पृष्ठभाग भरला ५,६१६ चौरस इंच, म्हणजे ३९ चौरस फूट. मुळांचा होता २,२८६ चौरस इंच. साडेतीन फूट उंचीचे झाड हवेत ३९ चौरस फुटांची चादर पसरून उभे होते. पाते इतके पातळ आणि पसरट का असते, याचे उत्तर या आकड्यात दिसू लागले. कमीत कमी साहित्यात हवेला आणि उन्हाला जास्तीत जास्त पृष्ठभाग भिडवायचा, ही पात्याची सारी रचना. माणसाशी तुलना करून हेल्सने सांगितले की आकारमानाच्या मानाने सूर्यफूल माणसाच्या १७ पट पाणी शरीरातून खेळवते. पाने असलेल्या आणि पाने ओरबाडलेल्या सारख्याच फांद्या त्याने पाण्यात उभ्या करून पाहिल्या. पाने असलेली फांदी कितीतरी पट अधिक पाणी ओढत होती. मुळांतून पाणी वर चढते यात पानांचा वाटा मोठा आहे, हे त्याने दाखवून दिले.

१७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या पुस्तकात त्याने हे सगळे छापले. झाडे पानांतून हवेतलेही काही पोषण घेत असावीत आणि प्रकाशाचाही त्यात भाग असावा, असे त्याने त्यात सुचवले. सिद्ध करायची साधने त्याच्याजवळ नव्हती. हवा ही एकच वस्तू नसून अनेक वायूंचे मिश्रण आहे, हेच तेव्हा माहीत नव्हते.

पानाची दोन तोंडे

हेल्सच्या तराजूवर दवाच्या रात्री वाढलेले ते थोडे वजन जिनिव्हाच्या चार्ल्स बॉनेच्या कामाच्या वेळी महत्त्वाचे ठरले. पानाची वरची बाजू चकचकीत आणि गर्द असते, खालची फिकी आणि खरबरीत. जमिनीतून वर येणारे दव पिण्यासाठी तर खालची बाजू तशी नसेल ना, अशी कल्पना त्याच्यापुढे आली. बॉनेने वेगवेगळ्या झाडांची पाने पाण्यावर तरंगत ठेवली, काही उताणी, काही पालथी. काहींच्या एकाच बाजूला तेल लावून ती बाजू बंद केली. कितीतरी झाडांची पाने खालची बाजू पाण्याला लागून असताना महिनोन् महिने हिरवी राहिली आणि वरची बाजू लागून असताना काही दिवसांत मेली. १७५४ मध्ये त्याने ‘वनस्पतींतील पानांचा उपयोग’ या विषयावर आपला ग्रंथ छापला आणि पान खालून दव पिते असा निर्णय दिला.

निर्णय बरोबर नव्हता, पण निरीक्षण अनमोल होते. पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत आणि त्यांचे कामही सारखे नाही, हे पहिल्यांदाच इतक्या चिकाटीने दाखवले गेले. फांद्या वाकवून, उलट्या बांधून त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. पान देठात पीळ घेऊन पुन्हा वरची बाजू उजेडाकडे वळवते. देठ पाते नुसते पेलत नाही. तो ते शेजारच्या पानांच्या सावलीतून बाहेर काढतो आणि उन्हाच्या दिशेने धरून ठेवतो.

बॉनेच्या हाताशी आणखी मोठी गोष्ट येऊन गेली. उन्हात ठेवलेल्या पाण्यात द्राक्षवेलीची पाने बुडवली की त्यांच्यावर बुडबुडे धरतात, हे त्याने पाहिले. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडबुडे येत नव्हते. त्यावरून त्याने ठरवले की हे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे आहेत आणि त्यांच्याशी पानाचा काही संबंध नाही. पुढे त्याची दृष्टी अधू होत गेली आणि तो प्रयोग सोडून तत्त्वचिंतनाकडे वळला. ते बुडबुडे पंचवीस वर्षे कुणीतरी पुन्हा पाहील म्हणून थांबले.

साउथॉलमधला उन्हाळा

मध्यंतरी इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने हवेचे वेगवेगळे प्रकार शोधायला घेतले होते. बंद भांड्यात मेणबत्ती जळली की थोड्या वेळाने विझते. त्या बिघडलेल्या हवेत उंदीर जगत नाही. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने अशा हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ ऑगस्टला तीच हवा पुन्हा तपासली, तर मेणबत्ती छान जळली. पुदिन्याने हवा सुधारली होती.

या शोधासाठी १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्र लिहिले. घराजवळची झाडे आरोग्याला वाईट म्हणून तोडण्याचे वेड आता तरी थांबेल, अशी आशा त्याने त्यात व्यक्त केली होती. पण नंतर प्रीस्टलीचेच प्रयोग डळमळू लागले. कधी झाड हवा सुधारायचे, कधी बिघडवायचे. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाला तर हवा बिघडलेलीच आढळली. एक अट दोघांच्याही ध्यानातून सुटत होती.

ती अट सापडली यान इंगेनहाउझला. तो नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा, १७३० सालचा जन्म. देवीची टोचणी देण्यात त्याचा हातखंडा होता. १७६८ मध्ये त्याने व्हिएन्नाला जाऊन सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या कुटुंबाला टोचणी दिली आणि तो राजवैद्य झाला. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने लंडनजवळ साउथॉल ग्रीन इथे घर घेतले आणि तीन महिन्यांच्या आत ५०० हून अधिक प्रयोग केले.

पद्धत अगदी साधी होती. काचेचे भांडे विहिरीच्या पाण्याने भरायचे, त्यात पाने घालायची, भांडे पाण्यातच पालथे करायचे आणि उन्हात ठेवायचे. पानांवर बुडबुडे धरत, सुटत आणि वर साचत. साचलेल्या वायूत विझत आलेली मेणबत्ती धरली की ती झगझगीत पेटे. प्रीस्टलीला ज्यासाठी दहा दिवस लागले, ते उन्हात काही तासांत होत होते. सावलीत बुडबुडे थांबत. रात्री तीच पाने हवा बिघडवू लागत. हे उष्णतेने होते की प्रकाशाने? त्याने भांडी उन्हाऐवजी विस्तवाजवळ ठेवली, पण नुसत्या उबेने काम झाले नाही. अट होती ती उजेडाची.

मग त्याने झाडाचा एकेक भाग स्वतंत्र तपासला. मुळे, फुले, फळे यांनी दिवसासुद्धा हवा बिघडवली. हवा शुद्ध केली ती पानांनी आणि हिरव्या देठांनी. कोवळ्या पानांपेक्षा पूर्ण वाढलेल्या पानांनी अधिक. आणि पानाच्या दोन बाजूंपैकी, विशेषतः उंच झाडांच्या बाबतीत, बुडबुडे मुख्यतः खालच्या बाजूने आले.

शंभर वर्षांचे धागे इथे एकत्र येतात. ग्रूने पाहिलेली छिद्रे बहुतेक झाडांत प्रामुख्याने पानाच्या खालच्या बाजूला असतात. बॉनेची पाने वरून आणि खालून वेगळी वागत होती, त्याचे कारण तेच. वरची बाजू ऊन झेलते. खालची, सावलीतली बाजू हवेची देवाणघेवाण करते आणि तिथे पाणीही कमी उडते. पान म्हणजे दोन बाजूंनी वाटून घेतलेले एकच काम.

त्याच वर्षी इंगेनहाउझने आपले पुस्तक छापले. वनस्पतींना उजेडात हवा शुद्ध करण्याची आणि सावलीत व रात्री ती बिघडवण्याची शक्ती असते, हे त्याच्या लांबलचक शीर्षकातच सांगितलेले आहे. १७९९ मध्ये विल्टशायरमधल्या बोवुड हाउस या वाड्यात त्याचे निधन झाले. १७७४ मध्ये याच वाड्यात प्रीस्टलीने तो वायू वेगळा केला होता, ज्याला पुढे ऑक्सिजन हे नाव मिळाले.

बॉनेचे कोडे त्याच्याच गावच्या माणसाने सोडवले. जिनिव्हाचे धर्मोपदेशक आणि ग्रंथपाल ज्याँ सेनेबिए यांनी १७८२ मध्ये दाखवले की उकळलेल्या पाण्यात बुडबुडे येत नाहीत, कारण उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तो वायू पुन्हा पाण्यात विरघळवला की पाने पुन्हा बुडबुडे सोडू लागतात. म्हणजे बॉनेने म्हटल्याप्रमाणे हे पाण्यातल्या हवेचेच खेळ होते. पण ती हवा पान आत घेत होते आणि बदलून बाहेर सोडत होते.

शेवटचा आकडा भरला तोही जिनिव्हातच. निकोला-थिओडोर द सोस्यूरने आपल्या सदाफुलीच्या कुळातल्या पेरीविंकलची रोपे कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या बंद हवेत उन्हात ठेवली. किती वायू आत गेला आणि किती बाहेर आला, हे मापले आणि रोपे वाळवून तोलली. शोषलेल्या कार्बनच्या मानाने वजन जास्त वाढले होते. ती वाढ पाण्याची होती. १८०४ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकाने जमाखर्च जुळवला. हवेतून कार्बन, मुळांतून पाणी, उजेडाची मदत आणि मातीतून थोडी खनिजे. व्हॅन हेल्माँटच्या कुंडीतून कमी झालेले २ औंस म्हणजे खनिजांचीच ही जमा. उरलेले झाड पाण्यातून आणि हवेतून घडले होते, आणि हवा उचलून आणणारे हात होते पानांचे.

उरलेले बाण

पानाच्या चित्रातले उरलेले बाण पुढच्या दोन शतकांत भरले. पर्णरंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशी पाण्याने फुगल्या की दार उघडते आणि सुकल्या की मिटते, हे जर्मनीच्या हुगो फॉन मोलने १८५६ मध्ये स्पष्ट केले. १८९८ मध्ये चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने शिंगाची पातळ पट्टी पानावर ठेवून, तिच्या वाकण्यावरून रंध्रांची उघडझाप टिपली.

टोकाचा अर्थ लागला तो पावसाच्या देशात. एर्न्स्ट श्टालने जावाच्या बाउटेनझोर्ख इथल्या उद्यानात अभ्यास करून १८९३ मध्ये दाखवले की लांब निमुळत्या टोकाची पाने पावसानंतर लवकर कोरडी होतात. टोक कापले की पाणी पानावर रेंगाळते. आपल्या पिंपळाचे लांब शेपटीसारखे टोक हेच काम करते. पाणी टोकावरून ओघळते, पाते हलके होते आणि उजेडाला मोकळे राहते.

पाण्याला पात्यावर टिकूच न देण्याची युक्ती अळूची. ‘अळवावरचे पाणी’ म्हणून क्षणभंगुरतेची उपमा आपण शतकानुशतके देत आलो. अळूच्या आणि कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात. थेंब त्यांच्या टोकांवर तोलून राहतो आणि घरंगळताना धूळही सोबत नेतो. जर्मनीतल्या बॉनच्या विल्हेल्म बार्टलोट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये ही यंत्रणा उलगडली.

कडेने तर भूतकाळाची खिडकी उघडली. अमेरिकेचे आयर्विंग बेली आणि एडमंड सिनॉट यांनी १९१५ मध्ये दाखवले की उष्ण प्रदेशातल्या झाडांत सलग, गुळगुळीत कडेची पाने अधिक असतात आणि थंड प्रदेशात दंतुर कडेची. आपला वड, आंबा, फणस, जांभूळ आठवून पाहा. सगळ्यांची कड सलग आहे. युरोपातल्या विलोची कड दंतुर. त्यामुळे दगडात उमटलेल्या प्राचीन पानांच्या कडांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे हवामान आजमावता येऊ लागले.

राहिला देठ. तो पाते पेलतो, उजेडाकडे वळवतो, पाणी नेतो आणि पानात तयार झालेली साखर झाडाला पोचवतो. त्याचे शेवटचे काम फॉन मोलनेच १८६० मध्ये वर्णिले. पान गळण्याआधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथूनच सुटते. पान गळते ते वाऱ्याने तुटून नाही. सुटण्याची जागा झाडाने आधीच आखून ठेवलेली असते आणि मागे राहणारी जखमही झाकली जाते. वारा फक्त निमित्त होतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या रस्त्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाखाली जो खच पडतो, तो आजार नाही. झाडाने हिशेब पुरा करून केलेली सुट्टी आहे ती.

व्हॅन हेल्माँटच्या अंगणातही चार वेळा असेच झाले. विलोची निमुळती, दंतुर कडेची पाने देठाच्या आखून ठेवलेल्या जागेवरून सुटली आणि कुंडीवर, अंगणात पडली. त्या प्रत्येक पानाने उन्हाळाभर खालच्या बाजूच्या दारांतून हवा आत घेतली होती, शिरांतून आलेल्या पाण्याशी ती जोडली होती आणि झाडाच्या १६९ पौंडांत आपला वाटा टाकला होता. ती तोलली असती तर आकडा वाढला असता. उत्तर मात्र तरीही सापडले नसते, कारण गळालेल्या पानात त्याचे काम दिसत नाही. ते दिसते फांदीवरच्या, उजेडातल्या, जिवंत पानात. म्हणून पुढच्या माणसांना झाडापाशी बसावे लागले, सूर्यफूल सकाळ-संध्याकाळ तोलावे लागले, पाने उताणी-पालथी करावी लागली आणि बुडबुडे मोजावे लागले. आपण आज एक पान खुडून त्याच्या चित्राला नावे लावतो, तेव्हा त्यांच्या त्या बसण्याची आठवण ठेवावी आणि दुसरे पान झाडावरच राहू द्यावे.